गमछा वाचायला शिकलेला लॅपटॉप

मित्रांनो, माझं झाकण उघडलं की आधी कुरकुर ऐकू येते आणि मग सावकाश उजेड पडतो. घाई करू नका. मी म्हातारा लॅपटॉप आहे. उठायला मला वेळ लागतो.

माझे भाग कुठे कुठे घडले ते मला ठाऊक नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं भिलाईत. उन्नती नावाच्या मुलीने मला सिव्हिक सेंटरच्या बाजारातल्या एका दुकानातून घरी आणलं. उन्नती वेब डेव्हलपर आहे. तुम्ही फोनवर जी पानं उघडता ना, ती कुणीतरी बसून, ओळीमागून ओळ लिहून रचलेली असतात. ते काम ती करते. दिवसभर आम्ही दुकानांची आणि हॉटेलांची पानं रचायचो. सुट्टी मिळाली की भूपेंद्रभैयाच्या संस्थेचं काम करायचो, आणि ते मला जास्त आवडायचं.

ही संस्था सिकलसेलच्या मुलांसाठी रक्तदाते शोधते. सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. त्यात काही मुलांना पुन्हा पुन्हा रक्त द्यावं लागतं. भूपेंद्रभैया पूर्वी मोटरसायकलवरून दारोदार फिरायचे. उन्नतीने त्यांच्यासाठी एक वेबसाइट बनवली. दात्यांनी आपला रक्तगट आणि पत्ता त्यात भरायचा. रक्त लागलं की त्या गटाच्या सगळ्यांना निरोप जायचा. किती कौतुक झालं आमचं! विश्वकर्मा पूजेला उन्नतीच्या आईने, मैनाबाईंनी, मला कुंकू लावलं.

"माय, हा काही ट्रॅक्टर नाही," उन्नती हसली.

"मशीनच आहे न? मंग गप बस."

मी अभिमानाने फुगलो. उन्नतीही थोडी फुगली असावी. आमच्या हातून काय राहून गेलं होतं, ते एका दुपारी कळलं.

त्या दुपारी भूपेंद्रभैया धापा टाकत घरात शिरले. "उन्नती, तुझी साइट एकदम झकास आहे, पण फोन तं कोणीच उचलून नाई राहिले!"

"हळू बोल न बापा!" मैनाबाई कुजबुजल्या. "हिचे बाबा नाइट करून आले. आत्ताच डोळा लागला."

उन्नतीचे बाबा, सुखराम, पोलाद कारखान्यात काम करत. आतल्या खोलीत ते झोपले होते, म्हणून पुढचं सगळं बोलणं कुजबुजतच झालं.

"गुंजन ॲडमिट आहे, उतई गावची," भैया म्हणाले. "ब्लड बँकेत तिच्या ग्रुपची एक पण पिशवी नाई. डॉक्टर म्हणते, आजच पाहिजे. तिची माय दवाखान्याच्या पायरीवर बसून आहे."

"सगळ्यांना मेसेज गेलेत, भैया. दोनदा गेलेत."

"मेसेज जाऊन काय करते?" मैनाबाई म्हणाल्या. "आधे प्लांटमंधी, आधे झोपले. फोन लॉकरमंधी, नाई तं उशीखाली. शिफ्टवाल्याच्या घरची पोरगी तू, हे कावून इसरली व?"

उन्नतीचा चेहरा उतरला. मित्रांनो, तिच्या गल्लीत एक रीत होती. रात्रपाळी करून आलेला माणूस झोपला की घरची बाई फाटकावर त्याचा खांद्यावरचा गमछा टांगायची. गमछा दिसला की कुणी बेल वाजवायचं नाही. भाजीवाला आवाज न देता पुढे जायचा, मुलं क्रिकेट दुसऱ्या गल्लीत न्यायची. उन्नती अक्षरं शिकण्याआधी गमछा वाचायला शिकली होती. पण तिने बनवलेली साइट गमछ्यासमोर उभी राहून हाका मारत होती!

"चला," ती म्हणाली, "घरोघरी जाऊ."

पत्त्यांचं पान तेव्हा फोनवर नीट उघडत नसे, म्हणून मी तिच्या हातावर उघडाच निघालो. मागे भैया आणि मैनाबाई. एका दाराला कुलूप होतं. दुसऱ्या घरचा दाता शिफ्टला गेला होता, पुढचा तापाने पडला होता. मग आलं नरहरी यांचं घर. फाटकावर गमछा.

भैयांनी कडीला हात घातला. मैनाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "खबरदार! दमलेल्या माणसाले उठवून रक्त मागतं का रे?"

"मावशी, तिकडे पोरगी पडून आहे."

"माहीत आहे मले."

मग मैनाबाई चपला हातात घेऊन मागच्या अंगणाकडे वळल्या. "त्याच्या बायकोले इशाऱ्यानं विचारतो. उठला असंन तरच."

थोड्या वेळाने आतून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. बनियनवर नरहरी स्वतःच पुढच्या दारात उभे!

"अरे, तो गमछा कालचा आहे! माझी तं आज सुट्टी. रात्रभर मस्त झोपलो. सकाळपासून एक माणूस दारात नाई, म्हणलं सगळी गल्ली रुसली का काय माझ्यावर! फोन मुलगा घेऊन गेला."

"गमछा काढत जा न व बाई!" मैनाबाईंनी त्यांच्या बायकोला दटावलं.

"जेवण झालं, झोप झाली," नरहरी शर्टाची बटणं लावत म्हणाले. "चल भूपेंद्र, काढ गाडी."

तपासण्या झाल्या, आणि त्याच संध्याकाळी गुंजनला रक्त चढलं.

त्यानंतर उन्नतीने साइट पुन्हा लिहायला घेतली. पण या वेळी आधी मला घेऊन ती घरोघरी बसली. कोण कधी झोपतं, निरोप कुणाच्या हाती पोहोचतो, हे बायकांना विचारलं. आता आमच्या पानावरही दात्याच्या नावापुढे गमछा टांगता येतो. झोपेची वेळ संपली की तो आपोआप उतरतो, कारण माणसं काढायला विसरतात.

पुढे नवा लॅपटॉप आला आणि मी रजयांच्या मध्ये कपाटात गेलो. अंधारात वाटायचं, आपलं संपलं. पण उन्नतीने एक दिवस माझी धूळ पुसली, नवी बॅटरी घातली आणि मला कुरुदला संस्थेच्या खोलीत नेऊन ठेवलं.

तिथे माझ्यासमोर आता गुंजन बसते. कॉलेज सुटलं की येते. तिला अजूनही अधूनमधून रक्त लागतं, पण त्या खोलीत ती इतरांसाठी दाते शोधते. कालच एका लहान मुलासाठी तिने फोन लावला. मला वाटलं, ती रक्ताचंच बोलेल. पण ती आधी म्हणाली, "काका, झोप झाली का? जेवले का तुम्ही?"

पलीकडून काय उत्तर आलं मला ऐकू आलं नाही. पण गुंजन हसली, आणि माझ्या पडद्यावर तिने त्या मुलाच्या नावापुढे लिहिलं, 'दाता निघाला आहे.'

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं जुनी झाली म्हणून टाकू नका. पुसून, दुरुस्त करून पाहा. आणि आमच्याकडून कुणासाठी चांगलं काम करून घ्यायचं असेल, तर त्या माणसांच्या दारापर्यंत आधी स्वतः चालत जा. तिथे जे दिसेल ते आम्हाला शिकवा. आम्ही शिकतो.