रडून दाखव

आजोबा पहिल्यांदा मेले तेव्हा ते बाथरूममध्ये दाढी करत होते. गालाला फेस लावलेला, हातात रेझर, तोंडाने गुणगुणणं चाललेलं. आणि बाहेर स्वयंपाकघरात त्यांची सून त्यांच्या सहा वर्षांच्या नातीला पुढ्यात बसवून कापऱ्या आवाजात सांगत होती, "बटण, नीट ऐक. आजोबा गेले गं. आता ते कधीच परत येणार नाहीत."

बटण हे काही पोरीचं खरं नाव नव्हे. ठेंगणी, गोल आणि सदान्‌कदा आजोबांच्या सदऱ्याला चिकटलेली, म्हणून त्यांनीच ते ठेवलेलं. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं. आई खोटं बोलू शकते हे त्या वयात डोक्यात येतच नाही. मग तिने असा टाहो फोडला की आजोबा फेसासकट धावत बाहेर आले. त्यांना बघून पोर आणखीच किंचाळली आणि त्यांच्या पायाला मिठी मारून थरथरत राहिली.

आणि आई? आईच्या हातात मोबाइल होता.

"अप्पा, थांबायचं ना दोन मिनिटं," ती वैतागून म्हणाली. "सगळं बिघडवलंत. रेकॉर्डिंग चालू होतं."

झालं होतं असं. समोरच्या घरातली मुलगी बिस्किटाच्या जाहिरातीत दिसली आणि त्या दिवसापासून बटणच्या आईच्या घशाखाली घास उतरेना. ती दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसायची. तिथे येणाऱ्यांमध्ये मालिकांसाठी लहान मुलं शोधणारा एक माणूस होता. एक दाढ काढायला आला आणि जाताना मोबाइलवर बटणचा फोटो घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. नवीन मालिका, मोठी भूमिका. आजोबांची लाडकी नात, आणि पहिल्याच भागात आजोबा जातात. ऑडिशनला पोरीने फक्त रडून दाखवायचं. पण रडणं अस्सल पाहिजे, असं त्याने दोनदा बजावलं.

आता अस्सल रडणं आणायचं कुठून? तर आईने हा मार्ग काढला. लेकरांना थापा मारण्यात तिचा हात कोणी धरला नसता. दवाखान्यात दिवसभर तेच काम. खुर्चीवर बसायला घाबरणाऱ्या प्रत्येक पोराला ती गोड हसून सांगायची, "काही दुखत नाही हं, राजा." पोर आत जायचं आणि आतून किंकाळी यायची, तोवर ही पुढच्या पेशंटचं नाव पुकारत असायची.

मग सराव सुरू झाला. आजोबा फिरायला बाहेर पडले की इकडे ते मरायचे. कधी बसखाली सापडायचे, कधी दवाखान्यात डोळे मिटायचे. पोर धाय मोकलून रडायची, आई रेकॉर्ड करायची, मग "कट" म्हणायची आणि चॉकलेट द्यायची. "कट" म्हटलं की आजोबा पुन्हा जिवंत, असा नियम. दारात पिशवी घेऊन आजोबा उभे राहिले की बटण त्यांचा हात हुंगून बघायची, दाबून बघायची.

पुढे पुढे पोर फसेना. मग आईने आवाज आणखी खाली आणला. "आधी गंमत होती गं. या वेळी खरं आहे." पोर पुन्हा फसली. पुढच्या वेळी आई म्हणाली, "तुझी शप्पथ, खरं." पुन्हा फसली. आई खूश झाली. आपल्याला केवढी कला साधलीय, असंच तिला वाटत होतं.

आजोबांनी एका संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, रोज मारतेस, त्याला माझी हरकत नाही. या वयात थोडा सराव असलेला बरा. पण पोरीशी हे करू नकोस."

"अप्पा, सगळ्याच आया करतात. कोणी चिमटे काढतं, कोणी डोळ्याखाली बाम चोळतं. मी निदान अंगाला हात तरी लावते का?"

"चिमटा बरा. वळ जातो तरी." आजोबा आयुष्यभर बसचे कंडक्टर होते आणि कुठलीही गोष्ट सांगायची तर त्यांची गाडी बसवरच यायची. "माझ्या बसमध्ये एकदा एक टग्या मागे बसून गंमत म्हणून घंटीची दोरी ओढत होता. ड्रायव्हर दोन-चारदा थांबला, मग चिडून घंटीकडे लक्षच द्यायचा बंद झाला. पुढच्या थांब्यावर एक बाई उतरली आणि तिची पिशवी दारात अडकली. मी जीव तोडून घंटी वाजवतोय आणि हा बाबा गाडी हाणतोय. त्याला वाटलं, तोच टग्या."

"मग?"

"मग काय. फरफटली बाई. वाचली, पण पाय गेला." आजोबांनी बशी बाजूला सारली. "लेकराला सगळ्या जगात एकच घंटी ऐकू येत असते, आईच्या शब्दाची. ती तू उगाच वाजवत बसलीयस. एक दिवस खरंच थांबायची वेळ येईल आणि पोर थांबणार नाही."

"तुमचं आपलं काहीतरीच," म्हणत आईने कप उचलले. मनात मात्र म्हणाली, म्हाताऱ्याला नातीचं चांगलं झालेलं बघवत नाही.

आजोबांनी मग तो विषय काढला नाही. ते बटणशी बस-बस खेळत राहिले. दुपारी ते खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे, म्हणजे बस आगारात. बटण हळूच येऊन त्यांच्या कानात म्हणायची, "टिंग टिंग." दोन घंट्या म्हणजे गाडी सुटली. आजोबा खाडकन डोळे उघडायचे, "चला, पुढे सरका, पुढे सरका" करायचे आणि तिला मांडीवर घेऊन वेणी घालायला बसायचे. नात आणि आजोबा, दोघांचीही दुपार त्या वेणीत जायची.

ऑडिशनच्या दिवशी बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एक बाई मुलाच्या दंडाला चिमटे काढत होती, आणि पोर ओठ दाबून सोसत होतं. दुसरी मुलीच्या कानात काहीतरी भयंकर सांगत असावी, कारण ती मुलगी पांढरीफटक पडली होती. बटण मात्र शांत बसून पाय हलवत होती. तिचं नाव पुकारलं तेव्हा तिने आईला विचारलं, "एका डोळ्यातून की दोन्ही?"

आईला क्षणभर कळलंच नाही. मग म्हणाली, "आधी एका. मग दोन्ही."

आत दिग्दर्शक म्हणाला, "बाळ, तुझे आजोबा गेले." बटणने मान किंचित तिरकी केली. डावा डोळा भरला, एक थेंब गालावरून ओठापर्यंत आला आणि तिथे थांबला. मग दुसरा. मग हुंदका. खोलीतल्या बायकांनी पदर-रुमाल डोळ्यांना लावले. दिग्दर्शक "कट" म्हणाला आणि बटणने गाल पुसून हात पुढे केला. चॉकलेटसाठी.

भूमिका मिळाली. आईने ती बातमी समोरच्या घरी स्वतः जाऊन सांगितली. आजोबांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सुनेला एवढंच म्हणाले, "ती आता रडत नाही गं. रडून दाखवते." आईला ते कौतुकच वाटलं.

शूटिंगच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, आई चहा घेऊन खिडकीपाशी गेली. आजोबा खुर्चीत होते. मांडीवर कंगवा. "अप्पा, चहा." ते हलले नाहीत. तिने खांद्याला हात लावला आणि कप तिच्या हातातून सुटला. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर चप्पल न घालता धावत वर आले. त्यांनी मनगट धरलं, डोळे पाहिले, आणि नुसतीच मान हलवली.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. बटण खाली खेळायला गेली होती. हातात दोन रिबिनी नाचवत ती आत आली.

आई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "बटण, आजोबा गेले."

पोरीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "आई, आज तुझा आवाज बरोबर येत नाहीये."

"बटण, खरंच गेले गं."

"बरं." बटणने मान तिरकी केली. डावा डोळा भरला. एक थेंब गालावरून ओठापर्यंत आला आणि थांबला. ती वाट बघत राहिली. "आई, कट म्हण ना. डोळा दुखतोय."

"बाळा, हे खोटं नाही. तुझी शप्पथ, या वेळी खरं आहे."

"ते तू दर वेळी म्हणतेस," बटण म्हणाली. रागाने नाही, अगदी समजुतीने. मग तिनेच गाल पुसले, "कट" म्हणाली आणि आईला ओलांडून खुर्चीकडे गेली. "आजोबा, झाला सीन. उठा. वेणी राहिलीय." डॉक्टरांनी तिला धरायला हात पुढे केला, पण ती त्यांच्या हाताखालून निसटली, चवड्यांवर उभी राहिली आणि आजोबांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "टिंग टिंग."

आजोबांनी डोळे उघडले नाहीत.

"टिंग टिंग, आजोबा. टिंग टिंग."

आई अजून गुडघ्यांवरच होती. अरे देवा, काय करून बसले मी! जगातली सगळ्यात मोठी गोष्ट आज लेकीला सांगायची होती, आणि तिच्याकडे सांगायला शब्दच उरला नव्हता. तिने स्वतःच्या हातांनी तो वापरून संपवला होता.

संध्याकाळी आजोबांना घेऊन गेले. बटणचे बाबा दूरच्या गावी कामाला असायचे, ते अजून वाटेतच होते. घर शेजाऱ्यांनी भरलेलं होतं. तेवढ्यात त्या मुलं शोधणाऱ्याचा फोन आला. उद्या किती वाजता निघताय, असं विचारायला. आईने सासरे गेल्याचं सांगितलं.

"अरेरे. फार वाईट झालं," तो म्हणाला. "पण पोरीला कळलंय ना? नाही, म्हणजे उद्याचा सीन तोच आहे. ताजं असताना मिळालं तर सोनंच. तुम्ही फक्त एक करा ताई, आज तिला फार रडू देऊ नका. उद्यासाठी ठेवा."

त्याचा आवाज किती गोड होता. मायाळू, समजूतदार. आईला वाटलं, हा आवाज आपण कुठेतरी ऐकलाय. आणि मग तिच्या लक्षात आलं की तो तिचाच होता.

"ती येणार नाही," ती म्हणाली.

"ताई, रांगेत दुसऱ्या मुली उभ्या आहेत."

"असतील. त्यांच्या घरच्यांनाही सांगा, आज रडू देऊ नका म्हणून. बघा, तुमच्याच कानांना ते ऐकवतंय का." तिने फोन ठेवला आणि मोबाइलमधली सरावाची सगळी रेकॉर्डिंग एकेक करून पुसून टाकली. प्रत्येकात सुरुवातीला तिचाच आवाज होता.

पण पुसल्याने काय होतं? आजोबा गेले हे बटणला पटलंच नाही. आजोबा कुठेतरी बाहेर आहेत आणि आई "कट" म्हणायची विसरलीय, असाच तिचा समज. आणि आता ती आईचं काहीच मानेना. पाणी कोमट आहे म्हटलं तर आधी बोट बुडवून बघायची. बाबा येताहेत म्हटलं तर खिडकीत जाऊन खात्री करायची. "मी आत्ता आले" म्हणून आई दाराबाहेर गेली तर ती परत येईपर्यंत उंबऱ्यावर उभी. आईने रागावायचं कोणत्या तोंडाने? तिने एकच ठरवलं. यापुढे या पोरीशी लहानशीही थाप नाही, सोयीची नाही, मायेची नाही. संपलं असेल तर संपलं, येणार नसेन तर येणार नाही.

अशाच एका सकाळी आई तिची वेणी घालत होती. वाकडी येत होती. बटण आरशात बघून म्हणाली, "आजोबा अशी घालत नाहीत."

"नाही घालत. मला त्यांच्यासारखी येत नाही."

"मग ते घालतील."

"नाही, बाळा. आता घालणार नाहीत."

आईचा आवाज कापला नाही की खाली गेला नाही. बटणने आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं. नाक वाहायला लागलं, श्वास अडकला, चेहरा लालबुंद झाला, आणि ती पलंगावरच्या उशीत तोंड खुपसून गुरासारखी ओरडली. कुठल्याही ऑडिशनमध्ये कोणी घेतलं नसतं असं ते रडणं होतं.

उशीतून आवाज आला, "मोबाइल काढू नकोस."

"नाही काढत."

"कट म्हणू नकोस."

"नाही म्हणत. तुला हवं तेवढं रड. मी इथेच आहे."

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात एक मुलगा आतल्या खोलीच्या दारात अडून बसला. त्याच्या आईने स्वागतकक्षाकडे खूण केली, सांगा ना काही दुखत नाही म्हणून. बटणची आई उठून त्याच्यापाशी गेली. "दुखेल," ती म्हणाली. "थोडं दुखेल. मग थांबेल. तोवर मी तुझा हात धरते." मुलगा तिच्याकडे बघत राहिला आणि मग हात धरून आत गेला.

माणसं हो, आपण सगळेच लेकरांना खोटं सांगतो. जेवावं म्हणून, झोपावं म्हणून, चारचौघांत चमकावं म्हणून. ती ऐकतात, कारण त्यांना आपला शब्द खरा वाटतो. लेकराच्या त्या विश्वासाचं खेळणं करू नका. तो एकदा मोडला की भोगायचं लेकरालाच असतं. बटणचे आजोबा एकदाच गेले, पण त्यांच्या नातीने त्यांचं खोटं मरण दहादा रडून घेतलं, आणि खऱ्या मरणाच्या वेळी तिच्यापाशी फक्त एक थेंब होता. तोसुद्धा आईने शिकवलेला.