उलटी देवी

नाण्यावर एकूण सहा जण होते. एका बाजूला सम्राज्ञी, एकटी. दुसऱ्या बाजूला फेकुंदितास, लेकुरवाळी देवी. दोन तान्ही तिच्या हातांवर, दोन पोरं पायांशी. वजन सोनं तोलायच्या कॅरोबच्या अडतीस बियांएवढं. सोनार ट्रोफिमसने ते पुन्हा पुन्हा तोललं. घरातलं ते एकुलतं एक सोन्याचं नाणं होतं, आणि तो त्याला भोक पाडणार होता.

त्याच्या मुलीचे, अम्पलियाताचे, दिवस भरत आले होते. आधीची दोन बाळंतपणं वाया गेलेली. या खेपेला देवी गळ्यात हवी, असा तिचा हट्ट होता.

भोक कुठे पाडायचं हाच पेच होता. टांकसाळीत दोन्ही बाजू एकमेकींच्या उलट ठोकलेल्या. सम्राज्ञीचं डोकं वर ठेवलं, की देवीचे पाय वर. मागे सम्राटाच्या पुतळ्यावर ओला अंगरखा वाळत घातला म्हणून गल्लीतल्या एका गवंड्याला चाबूक बसले होते. ट्रोफिमसने सम्राज्ञीच्या डोक्याच्या वर, कडेला भोक पाडलं.

"बाबा, देवी डोक्यावर उभी आहे!"

"मुलं डोक्याकडूनच येतात ना? तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

"तुम्ही सम्राज्ञीला घाबरलात."

"तिला नाही गं. शेजाऱ्यांना."

ती हसली. नाणं तिने गळ्यात घातलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी सुईण स्कंतिया नाणं मुठीत घेऊन दुकानात आली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

"पाय आधी आलेत," ती म्हणाली. "आणि तुझी लेक जोर लावायचा सोडून एकच धोशा लावून बसलीय, देवीला सरळ करा म्हणून. जन्मभर सोनं हाताळलंस, सोनारा, एक भोक धड पाडता आलं नाही?"

"विचार करूनच पाडलं होतं."

"तो विचार आता ठेव बाजूला."

त्याने सम्राज्ञीच्या गळ्याखाली गिरमिट टेकवलं. घाईत भोक जरा तिरकं गेलं. दोरी ओवून होण्याआधीच स्कंतियाने नाणं ओढून घेतलं आणि ती पळत सुटली.

दुपारी जावई आला. तो दारातच थांबला. ट्रोफिमसला त्याच्या तोंडाकडे पाहूनच कळलं.

"आणि मूल?"

"तेही."

जावयाने नाणं फळीवर ठेवलं. "सरणाला लाकडं घ्यायचीत, मामा. भोकाचं नाणं सराफ वजनावर घेतात म्हणे."

ट्रोफिमसने नाणं पुसलं, एका पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्यात एकेक बी टाकत गेला. काटा मध्यावर आला.

सदतीस.