मिटलेल्या ओठांमागचा आवाज

मित्रांनो, लांबून बघून नाक मुरडू नका. ही धूळ काही माझी नव्हे, इजिप्तमधल्या या अखमीम गावाची आहे. इथे ती सगळ्यांच्याच डोक्यावर बसते. धुळीखाली जो करडा पत्र्याचा डबा दिसतो ना, तो मी. उस्ता, म्हणजे वस्ताद, शेनूदांच्या स्टुडिओतला, व्हिडिओ जुळवणारा म्हातारा संगणक. माझा जन्म कैरोच्या एका बोळात झाला. मेंदू एका दुकानातला, पंखा दुसऱ्या दुकानातला आणि पत्रा चक्क भंगारातला. मग शेनूदांनी मला घोंगडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन रेल्वेने इकडे आणलं. वाटेत एका बाईने आत तान्हं मूल आहे असं समजून त्यांना बसायला जागा दिली होती.

कामाला मी कधी ना म्हटलं नाही. लग्नं, बाप्तिस्मे, हजहून परतलेल्यांच्या मिरवणुका, सारं माझ्यातून गेलं. लोक तोंडभरून कौतुक करायचे. "उस्ता, आमच्या आत्याला जन्मात कुणी हसताना पाहिलं नव्हतं, तुम्ही तिला हसवलंत." त्यात कसली जादू? जांभई द्यायच्या आधीचा क्षण शेनूदा जरा लांबवायचे, झालं. आणि त्या व्हिडिओंत खरा आवाज नसायचाच. वर एक गाणं चिकटवलं की काम फत्ते. नवरदेव काय बोलतो याच्याशी कुणाला देणंघेणं? म्हणून तोंड आणि आवाज जुळवायची वेळ आमच्यावर कधी आलीच नाही. हीच सवय पुढे अंगाशी आली.

आणखी एक गोष्ट सांगतो, घाबरू नका. गावातली कितीतरी माणसं मातीत गेली, पण माझ्यात ती अजून नाचतात, जेवतात, हात हलवतात. कधी कधी शेनूदा एखादं जुनं लग्न उघडायचे आणि लगेच मिटायचे. एकदा मला म्हणाले, "तुझ्या पोटात दफनभूमी आहे रे बाबा." मला ते अजून बोचतं.

निआमात आली ती टळटळीत दुपार होती. उन्हापायी शटर अर्धं ओढलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ती शेख बदरान यांची मुलगी. पैगंबरांची स्तुती गाणारे शेख बदरान आमच्या पंचक्रोशीत कुणाला माहीत नव्हते? उरसाच्या रात्री गायले आणि आठवड्याभरात गेले. ही कुवेतला शिवणकाम शिकवणारी पोर, विमान वेळेत मिळालं नाही, बापाच्या मातीला मुकली. तिने माझ्यासमोर एक मोबाइल ठेवला आणि नखाएवढी एक चिप.

"चित्र यात आहे आणि माईकच्या यंत्राने टिपलेला आवाज यात," ती म्हणाली. "उरसाच्या रात्रीचं आहे. एकत्र करून द्या. शुक्रवारी बाबांचा चाळिसावा दिवस आहे, सगळ्या गावाला दाखवायचंय."

"वरती एखादी छानशी धून टाकू या की," शेनूदा म्हणाले. "तोंडाकडे बघतंय कोण?"

"सगळे तोंडाकडेच बघणार आहेत, उस्ता. गावात कुजबुज आहे की बाबांचा गळा कधीच गेला होता. उरसात ते नुसतं तोंड हलवायचे आणि मागे कॅसेट वाजायची, म्हणे. गेलेल्या माणसाला लबाड ठरवलंय. बाबांचं तोंड आणि बाबांचा आवाज एकदा एकत्र दिसू दे, म्हणजे बाकीच्यांची तोंडं बंद होतील."

शेनूदांनी मान हलवली आणि आम्ही कामाला लागलो. शेख गाताना जपमाळ चहाच्या ग्लासावर मारून ताल धरायचे. मणी ग्लासाला टेकलेला चित्रात दिसतो आणि 'ठण्' आवाजात ऐकू येतं. दोन्ही एकाखाली एक आणली की जुळलंच म्हणायचं. पहिली ठण् बरोबर बसली. शेख गाऊ लागले. निआमात ओढणी तोंडाशी धरून बघत होती.

थोड्याच वेळात विचित्र व्हायला लागलं. आधी आवाज यायचा, मग ओठ हलायचे. पुढे पुढे तर आवाज 'या नबी' म्हणून मोकळा व्हायचा आणि त्यानंतर पडद्यावरचा शेख सावकाश तोंड उघडायचा. कुणीतरी त्यांना आतून सांगतंय आणि ते मागून म्हणताहेत, असं वाटायचं. निआमातने खुर्ची मागे सरकवली.

"भिऊ नको गं, भूत नाही," शेनूदा म्हणाले. "मोबाइलची खोड आहे."

मित्रांनो, व्हिडिओ म्हणजे भराभर पालटणारी चित्रं. मी एका सेकंदात पंचवीस चित्रं मोजून दाखवतो. मोबाइल तीस काढतो. शेनूदांनी तीसची पंचवीस करून पाहिली. शेवट जुळला, तर मधलं बिघडलं. मधलं ओढलं, तर सुरुवात सुटली. तोकड्या पांघरुणाची गत झाली. मग त्यांच्या ध्यानात आलं की मोबाइल तीससुद्धा धड काढत नाही. अंधार झाला, अंग तापलं की हा गडी दमतो आणि कमी चित्रं काढतो, पुन्हा दम खाऊन जास्त काढतो. शेनूदांनी सगळं चित्र माझ्याकडून एकाच ठरावीक चालीवर नव्याने बनवून घेतलं. माझा पंखा भुतासारखा घोंघावत होता. पत्र्यावर हात ठेवला तर चटका बसेल इतका मी तापलो, पण बंद पडलो नाही.

आणि जुळलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक ठण् मण्याखाली येऊन बसली. शेख गात होते, ओठ आणि आवाज एक झाले होते. निआमातच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. शेनूदांनी तिच्यासाठी चहा मागवला.

आतापर्यंत आम्ही नुसते मणी आणि ठण् बघत होतो. चहा येण्याआधीच शेखांचा आवाज चिरला. त्यांनी आवंढा गिळला, माईक खाली आणला आणि ओठ मिटून घेतले. आवाज मात्र चालूच राहिला. तोच आवाज, तीच फिरत, उलट आधीपेक्षा भरदार. मिटलेल्या तोंडाचा शेख सरळ आमच्याकडे बघत होता, आणि त्याचा आवाज स्तुती गात वर वर चढत होता.

शेनूदांनी घाईघाईने ठण् तपासली. बरोबर. पुढची तपासली, तीही बरोबर. त्यांनी हळूच छातीवर क्रूसाची खूण केली.

"आता चूक यंत्राची नाही," ते म्हणाले.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगतात, माणसाबरोबर त्याचा एक न दिसणारा जोडीदार जन्मतो. माणूस जातो, जोडीदार मागे राहतो. निआमात नक्की तेच आठवत असणार, कारण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने काकांना फोन लावला. हिलाल, शेखांचे धाकटे भाऊ, गाताना त्यांच्या पाठीमागे बसून डफ वाजवायचे.

काका आले ते भिंतीला टेकून उभे राहिले, पडद्याकडे बघेनात. निआमातने तो भाग पुन्हा लावला. शेखांनी ओठ मिटले, आवाज चढू लागला, आणि तिच्या मानेवर काटा आला. कारण बापाचा आवाज आता पाठीमागूनही येत होता. ती वळली. काका डोळे मिटून पुटपुटत गात होते, त्याच आवाजात.

"कॅसेट नव्हती, पोरी," ते म्हणाले. "मी होतो. खजूर उतरवायच्या दिवसांपासून भाऊंचा गळा मध्येच बसायचा. मग ते नुसते ओठ हलवायचे आणि मी मागून दुसऱ्या माईकवर गायचो. लोक अल्लाचं नाव घेत जिक्रात डोलतात, बघतंय कोण?" मग त्यांची नजर पडद्यावर गेली आणि ते थबकले. "पण हे तर तोंड मिटून बसलेत. मला कसं कळणार? मला नेहमी त्यांची पाठच दिसायची."

शेनूदांनी चित्र तिथेच थांबवलं.

"उस्ता, एवढं झाका," काकांनी हात जोडले. "भावाची अब्रू आहे."

"झाकता येईल की," शेनूदा म्हणाले. "गर्दी दाखवू, मिनार दाखवू, दोन कबुतरं उडवू. रुसलेल्या नवऱ्या मी अशाच झाकतो."

निआमात पडद्यावरच्या त्या मिटलेल्या ओठांकडे बघत बसली होती. याच ओठांसाठी ती इतक्या लांबून आली होती. शेवटी म्हणाली, "नको. तोंड बाबांनी स्वतः मिटलंय. मी कोण ते उघडणारी? आहे तसंच दाखवा."

"मोबाइल आधीच बंद पडलाय, आवाज थोडा पुढे चालतो, नुसती खरखर असेल," शेनूदा म्हणाले. "ते शेपूट कापू?"

"काही कापू नका."

शुक्रवारी मला तीन चाकी टुकटुकमध्ये घालून शेखांच्या गावी नेलं. मंडपात पांढरी चादर ताणली होती. मसूर, भात, कडू कॉफी झाल्यावर माणसं दाटीवाटीने बसली. मी शेखांना चालू केलं. पहिल्या निम्म्यात म्हातारे माना डोलवत होते. मग ओठ मिटले आणि आवाज चढला, तेव्हा डोलणाऱ्या माना थबकल्या. एक म्हातारी कुराणातली आयत पुटपुटू लागली. काका कोपऱ्यात गुडघ्यांत मान घालून बसले होते. एकेक जण त्यांच्याकडे बघू लागला; कुणालाच सांगावं लागलं नाही.

चित्र संपलं. चादर काळी झाली. गाणंही संपलं. लोक उठू लागले. तेवढ्यात त्या काळ्या चादरीतून खरखर आली, कुणीतरी माईक तोंडाशी घेतल्यासारखी. मग एक आवाज आला. फुटका, घोगरा, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. शेखांच्या बसलेल्या गळ्याचा आवाज, जो त्या सालात कुणी ऐकलाच नव्हता.

"हिलाल, तू छान गातोस. पुढच्या उरसाला तू पुढे बस. मी मागे बसून ऐकेन."

मंडपातली सगळी माणसं एकदम मागे वळली. मागे कुणी नव्हतं, नुसता मंडपाचा पडदा हलत होता. निआमात तेवढी वळली नाही. ती माझ्या पत्र्याला कान लावून बसली आणि म्हणाली, "पुन्हा लाव." शेनूदांनी पुन्हा लावलं. ती संध्याकाळ होईपर्यंत ऐकत होती.

पुढच्या उरसाला काका पुढे बसले. मागची एक गादी रिकामी ठेवली होती. त्या गादीवर आजवर कुणी बसायला धजलेलं नाही. कुजबुज कायमची थांबली. मला मात्र त्यानंतर फारसं काम उरलं नाही. स्टुडिओत एक चपटं, चकचकीत यंत्र आलं, चुटकीसरशी सगळं जुळवतं. मी कोपऱ्यात आलो, माझ्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे आले. शेनूदांचा जावई तर म्हणतो, भंगारवाल्याला देऊन टाका.

तेवढं एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा डबा, एखादा जुना मोबाइल पडला असेल. देऊन टाकायचा तर खुशाल टाका, पण त्याआधी एकदा धूळ पुसून चालू करा. चित्र संपलं म्हणून लगेच उठू नका, अंधारात जरा थांबा. आत कुणाचं बोलायचं राहिलंय, ते आम्हा यंत्रांनाही माहीत नसतं.