डब्यात उतरलेला आदर्श

दर गुरुवारी दुपारी भाऊसोंच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. टेंबलाईच्या उतारावर आमची वस्ती आहे, तिथलंच हे दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. बाहेरच्या खोलीत टीव्ही, टीव्हीवर गुलालानं माखलेला व्हिडिओ गेमचा डबा, डब्याला झेंडूचा हार. समोर बायामाणसं मांडी घालून बसलेली, उरलेली दारात, अंगणात, कुंपणापर्यंत.

टीव्हीवर आधी नुसत्या मुंग्या असायच्या. नादनाथ महाराज डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे, झांज वाजवायचे आणि मुंग्या हटून पडद्यावर खेळ सुरू व्हायचा. लाल मोटारसायकल पळायची, वळण घ्यायची, उडी मारायची. खेळाचा रिमोट मात्र पाटावर ठेवलेला, त्यावर फुलं. कुणाचाही हात त्याला लागलेला नाही.

"आला," महाराज म्हणायचे. "आदर्श आला. बोल बाळा, आई जेवली का विचारतोस? मान हलव."

मोटारसायकल डावीउजवीकडे हलायची. बाया पदर डोळ्याला लावायच्या.

त्या गुरुवारी मीही दारात उभा होतो. वस्तीत माझा दवाखाना आहे. भाऊसोंची बायको पारूबाई माझ्याकडं रोज सकाळी इन्शुलिनची सुई टोचून घ्यायला यायची. ती यायची बंद झाली म्हणून मी चौकशीला गेलो होतो.

आदर्श हा भाऊसो-पारूबाईचा धाकटा मुलगा. सत्त्याण्णव साली मामाच्या मोटारसायकलवर मागं बसून गगनबावड्याला निघाला होता. उसानं भरलेल्या ट्रॅक्टरवर गाडी आदळली. मामा वाचला, अकरा वर्षांचं पोरगं गेलं. त्याचा व्हिडिओ गेम पारूबाईनं साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवला. सात वर्षं तो तिथंच होता. मग कुणीतरी तिला या महाराजांकडं नेलं, तिनं पोराच्या वस्तू दाखवल्या आणि महाराजांची नजर नेमकी त्या डब्यावर थांबली.

बोलायला माणूस पटाईत होता. "आत्मा म्हणजे करंट," तो सांगायचा. "देह म्हणजे बल्ब. बल्ब फुटला तर करंट मरतो काय, माउली? तो वायर शोधतो. फ्रिक्वेन्सी जुळली की उतरतो." ही फ्रिक्वेन्सी फक्त गुरुवारीच का जुळते आणि दक्षिणेच्या ताटाशिवाय का जुळत नाही, हे कुणी विचारत नव्हतं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो होते. महाराजांनी ते उतरवायला सांगितले नाहीत. उलट त्यांनाही हार घातले आणि त्यांच्याच खाली आसन मांडलं.

गर्दी ओसरल्यावर मी पारूबाईला विचारलं, "सुई का बंद केलीस?"

"म्हाराज म्हणालं, डाक्टर," ती शांतपणे म्हणाली. "सुईनं रक्तातला गोडवा जातो. त्या गोडव्यावरच लेकरू येतंय. मुंग्या कशा साखरंवर येत्यात, तसं."

"आणि ही पायाची जखम?"

"व्हईल की बरी. अंगारा लावतोय मी."

उजव्या पायाच्या अंगठ्याला भोक पडलं होतं. तिला दुखत नव्हतं, म्हणजे मधुमेहानं पायातली जाणीव गेली होती, आणि मला त्याचीच भीती वाटली. मी भाऊसोंना बाजूला घेतलं. ते शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला, मुळात कमी बोलणारे. "सात वर्षांनी हसली हो ती, डाक्टर," एवढंच म्हणाले.

मोठी मुलगी दीक्षा शिरोळकडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. ती रविवारी घरी यायची, त्यामुळं गुरुवारचा दरबार तिनं पाहिला नव्हता. मी निरोप धाडला तेव्हा ती रजा काढून आली आणि गर्दीत बसली. संपल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "हा आदर्शचा खेळ नव्हे. त्याच्याकडं एकच कॅसेट होती, रणगाड्यांची. आम्ही दोघं तीच खेळायचो."

महाराज प्रेमानं हसले. "पोरी, तुझा भाऊ वर काय एकच कॅसेट घेऊन बसलाय? तिकडं त्याला सगळे खेळ मोकळे."

लोक हसले. पारूबाई हसली नाही. "तुला त्यो आलेला नको हाय," ती लेकीला म्हणाली.

दीक्षानं डबा उघडून बघायला मागितला. महाराज म्हणाले, आत जीव आहे, स्क्रू फिरला तर पोरगं कायमचं तुटेल. पारूबाई डबा पोटाशी धरून आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली.

पुढच्या काही दिवसांत अंगठा काळा पडला. काळेपणा वर चढत गेला. ताप मेंदूत जायची वेळ आली तेव्हा भाऊसोंनी बायकोला उचलून रिक्षात घातलं. सरकारी दवाखान्यात सर्जननी पाय बघितला आणि गुडघ्याखाली खूण केली.

पारूबाई तिकडं असताना दीक्षा डबा घेऊन माझ्या दवाखान्यात आली. तिचे डोळे सुजलेले होते. औषधांच्या टेबलावर तिनं डबा उलटा केला, स्क्रू काढले. आत गंज, वाळलेली झुरळं आणि एका कोपऱ्यात पत्र्याची काड्यापेटीएवढी डबी.

"ही डबी टीव्हीला चित्र पाठवते," तिनं मला दाखवलं. "हिच्यातली तार गंजून तुटलीय. हा कपॅसिटर फुटून त्यातलं पाणी सगळं खाली सांडलंय. लाल दिवा लागेल, सर, पण चित्र? या डब्यातनं गेल्या कित्येक वर्षांत एक ठिपका बाहेर पडलेला नाही."

"मग टीव्हीवर दिसतंय ते?"

"तेच बघायचंय."

तिनं बॅगेतून सोल्डरिंगची कांडी काढली. फुटलेला कपॅसिटर उपटला, नवा बसवला. गंजलेली तार कापून दुसरी जोडली. कॅसेटचे पितळी दात खोडरबरानं घासून लख्ख केले. मग डबा माझ्या दवाखान्यातल्या टीव्हीला जोडला आणि बटण दाबलं. विटांच्या भिंती आल्या. खाली एक पिवळा रणगाडा. दीक्षानं रिमोट घेतला, रणगाडा एकदा पुढं नेला आणि ठेवून दिला.

पाहायचं अजून राहिलं होतं. तिनं डब्याची वायर टीव्हीतून काढली आणि तिच्या टोकाला हातभर मोकळी तार पिळून ती खिडकीत लटकवली. माझ्या टीव्हीवर मुंग्या आल्या. पाच मिनिटं झाली नसतील, शेजारची चिमणाबाई कंबरेवर हात ठेवून दारात हजर.

"डाक्टर, तुमच्यात काय चाललंय वो? आमच्या टीव्हीवर बातम्या जाऊन रणगाडं आल्यात."

दीक्षा खुर्चीत बसली. "झालं," ती म्हणाली. "या डबीतनं निघतं ते चॅनेलच असतं, सर. तारेला वाट मोकळी मिळाली की हवेतनं पंधरावीस फूट जातं. जवळच्या टीव्हीला साधी अँटेना असेल आणि तोच चॅनेल लावला असेल, तर तिथं दिसतं. त्या बाबाजवळ दुसरा गेम आहे. चालू असलेला. घराच्या अगदी लगत."

पारूबाईचा पाय गेला तरी दरबार थांबला नव्हता. पुढच्या गुरुवारी महाराज आलेच. म्हणाले, आईनं पाय दिला, आता लेकराची ताकद दुप्पट होईल. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं.

दीक्षानं परत नेऊन ठेवलेला डबा हारासकट टीव्हीवर होता. झांज वाजली, मुंग्या हटल्या, मोटारसायकल पळू लागली. दीक्षा उठली, हार बाजूला केला आणि डब्याचं झाकण उचलून सगळ्यांना आतली बाजू दाखवली. डबा रिकामा होता. आतलं सामान तिनं आधीच काढून घेतलं होतं, ते तिच्या दुसऱ्या हातात, रुमालात होतं. पडद्यावर मोटारसायकल पळतच होती.

मला वाटलं, झालं, आता कळलं सगळ्यांना.

मग मागून एक म्हातारा दोन्ही हात जोडून म्हणाला, "यंत्राबिगर येतंय की वो लेकरू." आणि एकेक करत सगळ्यांनी हात जोडले. महाराजांनी क्षणही दवडला नाही. "बघा. विज्ञानानं पोट फाडलं, तरी आत्मा हलला न्हाय."

दीक्षाचा चेहरा मी विसरणार नाही. ती बाहेर पडली. घराच्या मागच्या भिंतीला चिकटून महाराजांची मारुती व्हॅन उभी असायची, काचांना भगवे पडदे. तिनं दार सरकवलं. आत महाराजांचा शिष्य कृष्णात बसला होता. मांडीवर व्हिडिओ गेम, समोर बॅटरीवर चालणारा लहानसा टीव्ही, खिडकीतून भिंतीवर सोडलेली तार आणि कानाला मोबाईल. महाराजांच्या झोळीतला फोन चालूच असायचा, त्यातनं प्रश्न ऐकू यायचे. त्याप्रमाणं हा मोटारसायकल हलवायचा.

दीक्षानं त्याच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि मागोमाग येऊन व्हॅनच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या चिमणाबाईच्या हातात दिला. "मावशी, दाबा."

चिमणाबाईनं दाबलं. घरातल्या टीव्हीवर मोटारसायकल खड्ड्यात पडली. आतून कुणीतरी ओरडून सांगितलं, पडली म्हणून. तिनं परत दाबलं. परत पडली.

कृष्णातनं मग सगळं सांगितलं. नादनाथ महाराज म्हणजे गारगोटीचा आकाराम. स्टँडजवळ त्याचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तिथला खेळ वरच्या बिऱ्हाडाच्या टीव्हीवर दिसायचा म्हणून रोज भांडणं व्हायची. पार्लर बुडालं, पण ही गोष्ट त्याच्या डोक्यात राहिली.

लोकांनी आकारामला मारलं नाही, आणि पाया पडणं सगळ्यांनीच थांबवलं असंही नाही. काहीजण खाली मान घालून गेले. तो म्हातारा जाताना मला म्हणाला, "आता व्हॅनमधनं येत असंल, पण पयल्यांदा खरंच आला असणार." पोलिसांनी विचारलं, तक्रार कोण देणार? फसली ती पारूबाई, तेव्हा तक्रार द्यायची तर तिनंच. ती द्यायला तयार नव्हती.

दीक्षानं तिला कॉटजवळ बसून सगळं सांगितलं. तार, डबी, व्हॅन, सगळं. पारूबाईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"तू डबा दुरुस्त केलास व्हय?"

"हो आई."

"आता चालतोय?"

"चालतोय."

"मग त्यात आदर्श हाय का?"

"नाही आई."

पारूबाईनं भिंतीकडं तोंड केलं. "मग कशाला केलास," ती म्हणाली. त्यानंतर तिला लेकीशी बोलताना मी ऐकलं नाही. सुई मात्र आता नियमित घेते. मीच घरी जाऊन देतो.

आकाराम सांगलीकडं गेला असं कळलं. तिथं मेलेल्या माणसांचे फोन येतात म्हणे.

मला एवढंच सांगायचं आहे. आपलं माणूस गेलं की ते परत यावं असं वाटणारच, त्यात लाज काही नाही. पण जो माणूस ते आणून दाखवतो म्हणतो, त्याला भिंतीमागं काय आहे ते विचारा. झाकण उघडू नका म्हणाला, तर उघडाच. औषध सोडा म्हणाला, तर तिथून उठा. आणि हे मागं राहिलेलं माणूस डोळ्यांसमोर असताना, त्याचे पाय शाबूत असताना करा. दीक्षानं खरं शोधून काढलं, पण तोवर सर्जनची खूण पायावर पडली होती.