आवक तारीख

तारीख खरी सांगायची, एवढेच माझे काम. ते मी बावीस वर्षे चोख केले, आणि तरीही आज तुमच्यासमोर बोलताना माझी मान खाली आहे. मित्रांनो, मी दिग्रसच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका सहकारी जिनिंग संस्थेतला तारखेचा जुना शिक्का आहे. लाकडी मूठ, पितळी अंग आणि पोटात दिवस, महिना, वर्ष फिरवणाऱ्या तीन रबरी पट्ट्या. वर्षांची पट्टी दोनदा बदलली. मूठ मात्र तीच आहे; वामनरावांच्या तळहाताने गुळगुळीत झालेली.

मला अमरावतीच्या एका कारागिराने घडवले आणि मी थेट वामनरावांच्या टेबलावर आलो. ते संस्थेचे बडेबाबू, म्हणजे मुख्य कारकून. सकाळी साडेदहाला खुर्चीत बसले की चष्मा पुसायचे, माझी पट्टी एक घर पुढे सरकवायचे आणि जांभळ्या शाईच्या गादीवर मला दोनदा टेकवायचे. आलेल्या प्रत्येक कागदावर माझा ठसा पडे. खाली ते पेनाने लिहीत, ‘आवक’. जाणाऱ्या कागदावरही मीच. तेव्हा खाली लिहीत, ‘जावक’. नागपूरच्या मुख्य कार्यालयाची पत्रे नेहमी उशिरा यायची. ‘पंधरा दिवसांत उत्तर द्या’ असा आदेश हातात पडेपर्यंत त्यातले दहा दिवस टपालातच गेलेले असायचे. म्हणून संस्थेत रीत होती, की मुदत मोजायची ती आवक तारखेपासून. माझा ठसा दाखवला की मोठे साहेबही गप्प बसत. मला त्याचा गर्व होता. लोक म्हणत, “बडेबाबूची तारीख चुकनार नाही.”

एकदा किसनसिंग नावाचे एक सभासद बंजारा तांड्यावरून आले होते. कापसाची नोंदणी पंधरा दिवसांत करा, असे पत्र संस्थेने सभासदांना पाठवले होते. ते सतराव्या दिवशी आले.

“बाबू, मले हे कागद परवा भेटलं,” ते म्हणाले. “त्याच दिवशी मुदत सरली. कसा काय येऊ मी?”

वामनरावांनी माझ्या ठशावर बोट ठेवले. “जावक तारीख बघा. मुदत तिथून.”

किसनसिंग त्या ठशाकडे एकवार बघून, टोपी सारखी करून निघून गेले. त्या हंगामात त्यांचा नंबर लागला नाही. मला त्या दिवशी काहीच वाटले नाही, हे मुद्दाम सांगतो.

मग कापसाची वाईट वर्षे आली. फाटकाशी पूर्वी गाड्यांची रांग मैलभर असायची, ती वडाच्या झाडापाशीच संपू लागली. जिनिंग वर्षातून जेमतेम दोन महिने चाले. पगार महिना-महिना लांबत. अशातच नागपूरहून टाय लावलेला एक माणूस आला आणि कायम नोकरांना क्रेडिट कार्डाचे अर्ज वाटून गेला. “पन्नास दिवस बिनव्याजी, साहेब,” तो म्हणाला. वामनरावांनी घेतले. शिपाई देवीलालनेही घेतले.

वामनरावांना एकच मुलगी, आभा. आई लहानपणीच गेलेली. ती नागपूरला शिकत होती आणि तिला कॉम्प्युटर हवा होता. वामनरावांची पोस्टातली आरडी तीस जूनला पिकणार होती. त्यांनी बोटांवर पन्नास दिवस मोजले, चार जूनला यवतमाळला जाऊन कार्डावर चोवीस हजारांचा कॉम्प्युटर घेतला आणि एसटीच्या टपावर चढवून नागपूरला पोचवला. परत आले तेव्हा आठवडाभर ते देवीलालला त्याच्या पडद्याचे वर्णन सांगत होते.

बिल संस्थेच्या पत्त्यावर आले. इतर डाकेबरोबर वामनरावांनी त्यावरही मला टेकवले: १४ जून, आवक. बिलावरची तारीख पाच जून होती. पैसे भरायची शेवटची तारीख पंचवीस जून छापली होती. त्यांनी ती वाचली, मित्रांनो. न वाचता सही करणारा माणूस नव्हता तो. पण इतक्या वर्षांच्या सवयीने ते हसून म्हणाले, “वीस दिवसांची मुदत दिलीय आणि नऊ दिवस टपालात खाल्ले. देवीलाल, आपली मुदत चार जुलै.”

दोन जुलैला, म्हणजे त्यांच्या हिशेबाने दोन दिवस आधी, ते पुन्हा यवतमाळला गेले आणि पूर्ण चोवीस हजारांचा चेक कार्डाच्या बँकेबाहेरच्या, चेक टाकायच्या पेटीत टाकला. सोबत एक पत्रही जोडले: ‘आपले बिल दि. १४ जून रोजी प्राप्त. मुदतीत भरणा करीत आहे.’ त्यावर माझा ठसा.

पुढच्या बिलात अकराशे चाळीस रुपये आले, उशिराचा दंड आणि व्याज. वामनरावांना वाटले, चूक बँकेची आहे. त्यांनी खुलासा लिहिला, माझा ठसा मारला आणि त्याच पेटीत टाकला. जिथे भरणा, तिथेच अर्ज, ही संस्थेची आणखी एक रीत. आणि पत्रव्यवहार चालू असताना वसुली होत नाही, ही तिसरी. त्या पेटीतून चेक तेवढे काढून घेत असतील. पत्राचे काय होई, कोण जाणे. दर महिन्याला बिल येई, आकडा वाढलेला असे, वामनराव मला टेकवत आणि नवे पत्र लिहीत. अशी दीड वर्षे गेली. प्रत्येक कागदावर मी स्पष्ट, ठळक उमटलो. एकदा तरी माझी शाई वाळायला हवी होती.

एका दुपारी संस्थेचा फोन वाजला. देवीलालने उचलला. पलीकडचा आवाज एवढा मोठा, की काट्यावरच्या तोलाईवाल्यांनाही ऐकू गेला.

“वामनराव कोन हाय तिथं? थकबाकीदार!”

“थोबाड सांभाळून बोल बे,” देवीलाल म्हणाला. “बडेबाबू हायेत ते.”

वामनरावांनी रिसीव्हर घेतला. “आवक तारखेपासून वीस दिवस...” एवढेच ते बोलले. पलीकडून काहीतरी उत्तर आले आणि फोन बंद झाला. त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि मला हातात घेतले.

“देवीलाल, तो म्हणाला, बिल कधी भेटलं ते आम्हाला सांगू नका. मुदत आम्ही लिहिली तीच.” मग हळू आवाजात, “किसनसिंगला मी दुसरं काय म्हटलं होतं?”

“जाऊ द्या ना, बाबूजी. कायले जिवाले लावून घेता?”

फोन आभालाही गेला होता. अर्जावर तिचा मोबाइल नंबर होता. ती संध्याकाळी घरी फोनवर बोलली. आता ती नागपूरला नोकरी करत होती, आणि तिच्याही ऑफिसात चार लोकांनी ऐकले होते. पत्रे लिहायला वामनराव मला पिशवीतून घरी नेत, म्हणून मला ऐकू आले.

“बाबा, बिलावर तारीख छापलेली असते. तुम्हाला साधी तारीख वाचता येत नाही?”

वामनराव म्हणाले, “चुकलंच.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी एव्हाना दहा हजारांवर गेलेली सगळी थकबाकी भरली आणि कार्ड कात्रीने कापले. त्यानंतर त्यांनी माझी पट्टी फिरवली नाही. डाकेवर पेनानेच तारीख घालत. दोन-तीन महिन्यांत जिनिंग बंद पडली. सामानाची यादी झाली, तेव्हा ‘जुना शिक्का, किंमत शून्य’ म्हणून मला त्यांना देऊन टाकले. घरच्या टेबलाच्या खणात मी त्या फोनच्या दिवसाची तारीख पोटात धरून पडून राहिलो.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वामनराव गेले. हृदयाचा झटका.

तेराव्यानंतर आभाने खण उघडला. माझ्याखाली एक फाइल होती. सगळी बिले, सगळी पाकिटे, आणि कार्बन लावून ठेवलेल्या सतरा पत्रांच्या प्रती. तिने पहिला ठसा पाहिला, चौदा जून. दोन जुलैची प्रत पाहिली. बोटांवर मोजले. पुन्हा मोजले. अठरा दिवस.

“बाबा वेळेत होते,” ती म्हणाली. खोलीत मी आणि ती, दोघेच होतो.

त्या संध्याकाळी देवीलाल भेटायला आला. बसला, पाणी प्याला, उठला, पुन्हा बसला. शेवटी सदऱ्यातून न फोडलेले एक पाकीट काढले. पहिल्यांदाच कार्ड वापरून त्याने बायको जमनीला शिलाई मशीन घेऊन दिली होती. घर आता त्या मशीनवर चालत होते.

“ताई, बाबूजीचं असं झालं म्हणून मले फोडाचीच लाज वाटून राह्यली. बाबूजीले नाही समजलं तं मले काय समजते?”

आभाने पाकीट फोडले आणि भिंतीवरचे कॅलेंडर खाली उतरवले.

“काका, हे बघा. दर महिन्याच्या पाच तारखेला बिल काढतात. सहापासून पुढच्या पाचपर्यंत जे घेतलं, ते सगळं त्या एका बिलात येतं. आणि त्याचे पैसे पंचवीसच्या आत त्यांना पोचायला हवेत.”

“मंग ते पन्नास दिवस?”

“सहा तारखेला घेतलं तरच जवळपास पन्नास. बाबांनी चारला घेतलं. दुसऱ्याच दिवशी बिल निघालं. त्यांना एकवीसच मिळाले.”

“अन् मले कागदच चौदाले भेटला तं?”

“तरी पंचवीसच. छापलेली तारीख हीच तारीख. पेटीत टाकलेला चेक वटायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून बाविसच्या आत टाकायचा. आणि पूर्ण भरायचे. एक दिवस चुकला की फुकटचे सगळे दिवस जातात, मशीन घेतली त्या दिवसापासून व्याज लागतं.”

देवीलालने कॅलेंडरवर बोट ठेवले. “आज एकोनीस. मी उद्याच यवतमाळले जातो.” मग थोडा थांबून म्हणाला, “एवढंच होतं का, ताई? धा मिन्टाचं काम?”

“दहा मिनिटांचं,” आभा म्हणाली. “मी त्यांना दिली नाहीत.”

मित्रांनो, मी तारीख खोटी सांगितली नव्हती. पण कागद कधी पोचला एवढेच मला ठाऊक होते, आणि तेवढ्यालाच मी मुदत समजलो. माझ्या ठशाने एक भला माणूस निर्धास्त राहिला. तुमच्या घरातही कुणीतरी जुन्या रीतीने नवे कागद वाचत असेल. त्यांच्या शेजारी बसा. रागावण्याआधी विचारा, की मुदत तुम्ही कशी मोजलीत?

देवीलाल गेल्यावर आभाने मला हातात घेतले. शाईची गादी वाळली होती. तिने पाण्याचे दोन थेंब टाकले. माझ्या पट्ट्या एक-एक करून फिरवून त्या दिवसाच्या तारखेवर आणल्या. त्या सतरा पत्रांतल्या पहिल्या पत्राच्या कोपऱ्यात मला दाबून धरले, आणि उमटलेल्या फिकट ठशाखाली पेनाने लिहिले, ‘आवक’. मग पुढचे पत्र घेतले.