पॉझिटिव्ह आलेला देव

देवाच्या डोळ्यातून जे गळत होतं ते चिकट होतं. दोन बोटांत घेऊन बोटं उघडली की मध्ये तार धरायची. वहिनीनं मुखवट्याच्या हनुवटीखाली चांदीची वाटी लावली होती आणि माझा सख्खा दादा तिच्यापुढे अशा थाटात हात जोडून उभा होता, जसं काही देवाला त्यानंच रडायला लावलं. मला शिसारी आली आणि ती मी लपवलीही नाही.

"वास घे," दादा म्हणाला. "अत्तरासारखा गोड येतो. घे आणि मग बोल."

मी वास घेतला. पिकून मऊ पडलेल्या द्राक्षांचा वास. मी एका लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखायचं काम करते. पू, थुंकी, लघवी, जखमेतला स्राव, दिवसभर माझ्या टेबलावर हेच असतं. हा वास माझ्या चांगल्याच ओळखीचा होता. भाजून चिघळलेल्या जखमांना येतो तो.

दादाचं नळ, पाइप आणि बाथरूमच्या फिटिंगचं दुकान आहे. लोकांच्या भिंतीतली ओल त्याला रस्त्यावरून दिसते. गिऱ्हाइकाच्या घरी गेला की भिंतीला तळहात लावतो, डोळे मिटतो आणि सांगतो, "इथून हातभर वर जॉइंट सुटलाय." फोडून बघावं तर सुटलेलाच असतो. आणि हाच माणूस, स्वतःच्या हॉलमध्ये भिंतीला ठोकलेल्या प्लास्टरच्या पोकळ मुखवट्यातून पाणी झिरपायला लागल्यावर अख्खी गल्ली गोळा करून बसला होता.

"वर कॉम्प्युटर क्लास आहे," मी म्हटलं. "त्यांचा एसी याच भिंतीला आहे ना? त्याचं पाणी असेल."

"पाइपवाला मी आणि लीकेज तू शिकवणार?" दादा सगळ्यांकडे बघून हसला.

झालं. कोपऱ्यावरचे गॅरेजवाले काका मान डोलवायला लागले. "दादांनाच कळत नसेल तर मग कुणाला कळणार?" शिवणक्लासच्या बाईंनी तर डोळ्याला पदर लावला. म्हणजे पुरावा नको म्हणणाऱ्यांनीच पुरावा उभा केला होता, आणि तो पुरावा म्हणजे माझा भाऊ. तिथल्या तिथे ओकावंसं वाटलं.

खिडकीजवळच्या खुर्चीत आई बसली होती, काळा गॉगल लावून. नुकतंच तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. उजवा डोळाही पिकत आला होता, पण डॉक्टर म्हणाले होते, हा बरा होऊ दे, मग तो करू.

दादानं वाटी उचलली. "आजपासून आईच्या डोळ्यात हेच घालायचं. देवाच्या डोळ्यातलं आईच्या डोळ्यात."

"वेड लागलंय का तुला?" मी इतक्या जोरात ओरडले की कोपऱ्यात देवाची गाणी म्हणणाऱ्या बायका थांबल्या. "डोळा जाईल तिचा!"

"तुला पुरावा लागतो ना? मग घेऊन जा लॅबमध्ये. तपास पाहिजे तितकं. देव काही तपासणीला घाबरत नाही."

"रिपोर्ट येईपर्यंत एक थेंबही घालायचा नाही. शपथ घे."

दादानं मुखवट्याच्या कपाळावर हात ठेवून शपथ घेतली. हात ओला झाला तो त्यानं स्वतःच्या केसांना पुसला.

देव मानणाऱ्यांशी माझं भांडण नाही. आईही मानते. सकाळी उठली की क्षणभर डोळे मिटते, काहीतरी पुटपुटते आणि कामाला लागते. तिनं कधी देवाला साक्षीला उभं केलं नाही, की देवाच्या वतीनं कुणाशी वाद घातला नाही. मला किळस येते ती देवाला सर्टिफिकेट मिळवून द्यायला निघालेल्यांची. म्हणे श्रद्धेला तपासणी लागत नाही, आणि नमुना मात्र बाटलीत भरून तयार!

त्या संध्याकाळी मी लॅबमध्ये नमुना प्लेटवर वाढायला लावला. सकाळी इन्क्युबेटर उघडला आणि झाकण काढायच्या आधीच ते द्राक्ष नाकात शिरलं. प्लेटभर हिरवट, बुळबुळीत थर पसरला होता आणि त्याला वर तेलकट चकाकी. सूडोमोनास. ओल्या, घाणेरड्या पाइपांत सुखानं राहणारा जंतू. धडधाकट माणसाला तो फारसं काही करत नाही. पण ताज्या ऑपरेशनच्या डोळ्यात शिरला, तर डॉक्टरला विचार करायलाही वेळ देत नाही.

मी कॉम्प्युटरवर पहिली नोंद केली, खात्रीच्या पुढच्या चाचण्या लावल्या, हात धुतले आणि दादाला फोन करायला बाहेर आले. तर काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "ताई, आत्ताच तुमच्या दादांचा फोन येऊन गेला. काय आलं विचारत होते. मी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, पॉझिटिव्ह आहे म्हणून. इतके खूश झाले हो! फोनवर रडायलाच लागले."

मी तिथल्या तिथे दादाला फोन लावला.

आमच्या कामात पॉझिटिव्ह म्हणजे जंतू सापडले. निगेटिव्ह ऐकलं की माणसं सुटकेचा श्वास टाकतात. पण दादाच्या दुकानात गल्ल्यामागे पाटीच आहे, 'नेहमी पॉझिटिव्ह राहा'. त्याच्या लेखी त्या शब्दाचा दुसरा अर्थच नाही. मी फोन लावत राहिले. कुणी उचलला नाही. स्कूटर काढली आणि कशी चालवली ते मलाच ठाऊक.

दाराबाहेर चपलांचा खच पडला होता. शिवणक्लासच्या बाईंनी माझे दोन्ही हात धरले. "देव पॉझिटिव्ह आला हो! तुमच्या लॅबनंच सांगितलं. आता कुणाची बोलायची टाप आहे?"

मी त्यांना बाजूला सारून आत घुसले. आई मान मागे टाकून बसली होती आणि दादा तिच्या डोळ्यात थेंब टाकत होता. हातात डॉक्टरांनी दिलेलीच बाटली. त्यातलं औषध त्यानं मोरीत ओतून दिलं होतं, बाटली विसळली होती आणि तिच्यात ते पाणी भरलं होतं. वर हे मला कौतुकानं सांगितलं, की ड्रॉपर चांगला असतो, थेंब बरोबर पडतो.

"पॉझिटिव्ह म्हणजे घाण आहे त्यात!" मी बाटली हिसकावली. "जंतू आहेत, जंतू! डोळा सडवणारे!"

मग गॅरेजवाले काका म्हणाले, "मग तसं सरळ सांगायचं ना. पॉझिटिव्ह कशाला म्हणायचं?"

"आणि जंतू काय आकाशातून पडले?" दादा म्हणाला. "तेही त्यानंच केले ना?"

बोलून उपयोग नव्हता. मी तशीच वर गेले आणि क्लासच्या सरांना हात जोडून एसी बंद करायला लावला. उकाड्यात पोरं कुरकुरायला लागली, पण सर भला माणूस होता. खाली येऊन मी मुखवट्यासमोर उभी राहिले आणि सगळ्यांना म्हटलं, "आता बघा."

थेंब लांबत गेले. मग एक लोंबकळत राहिला, आणि पडलाच नाही. देवाचा डोळा कोरडा झाला.

मला वाटलं, आता तरी. कसलं काय! शिवणक्लासच्या बाई पुटपुटल्या, "दुखावला तो." मागून कुणीतरी म्हणालं, "परीक्षा घेतली की रुसणारच." म्हणजे पाणी गळलं तर देव आहे आणि थांबलं तर जास्तच आहे. अशा माणसांपुढे प्लेट काय आणि एसी काय, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

तेवढ्यात दादा उठला. मुखवट्याच्या वर, भिंतीला, त्यानं तळहात टेकवला आणि डोळे मिटले. दुकानातल्या गिऱ्हाइकांसाठी करतो तसंच. त्याचा चेहरा पडला. मी त्याची सख्खी बहीण आहे, मला ते वाचायला चष्मा लागत नाही. त्याला समजलं होतं. कुठला जॉइंट, किती वर, सगळं.

त्यानं हात काढला, पँटला पुसला आणि लोकांकडे वळून म्हणाला, "भिंतीत काही ओल नाही."

इतका वेळ मी त्याला मूर्ख समजत होते. मूर्ख माणसाची चीड येते. त्या क्षणी मला त्याच्या हाताची, केसांची, त्या पँटवरच्या ओल्या डागाचीही घाण वाटली.

"आई, ऊठ. हॉस्पिटलमध्ये जायचंय. आत्ताच्या आत्ता."

आईनं माझा आवाज ऐकला आणि मान दादाकडे वळवली. "काय रे, जाऊ का?"

सगळी माणसं दादाकडे बघत होती. आत्ता तिला पाठवलं असतं तर भिंत ओली आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

"दुखतंय का तुला?" त्यानं विचारलं.

"नाही बाबा."

"मग उद्या बघू."

मी तिला हाताला धरून ओढलं, अक्षरशः ओढलं. तिनं खुर्चीचा हात सोडला नाही.

उद्या उजाडला तेव्हा तिची पापणी टोमॅटोसारखी सुजली होती आणि कडेतून हिरवट पू येत होता. दादानं स्वतः तिला उचलून गाडीत ठेवलं. डोळ्यात इंजेक्शनं झाली, डोळा आतून धुतला, सगळं झालं. शेवटी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "डोळा जागेवर राहील. दृष्टी गेली."

वॉर्डबाहेरच्या बाकावर दादा गॅरेजवाल्या काकांना सांगत होता, "त्याच्या मनात असतं तर दोन्ही नेले असते. एकावर भागवलं त्यानं. हीपण कृपाच म्हणायची." काका मान डोलवत होते. मी आत गेले.

आईच्या अर्ध्या तोंडावर पट्टी होती. मी ठरवूनच आले होते, सगळं सांगायचं. ते पाणी एसीचं होतं, भिंत ओली होती, दादानं हात लावला तेव्हाच त्याला कळलं होतं, आणि तरी तो खोटं बोलला.

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"त्याचं तोंड उतरलं तेव्हाच समजलं. गॉगल होता म्हणून काय झालं? नव्या डोळ्यानं चांगलं दिसत होतं गं मला."

"मग माझ्याबरोबर का नाही आलीस?"

"एवढ्या लोकांत खोटा पडला असता तो."

"आणि ते पाणी? ते तुला खरंच देवाचं वाटत होतं?"

"छे गं. देव कशाला रडेल? पोरगा घालत होता, म्हटलं घालू दे."

दादाची किळस मला सवयीची झाली होती. पण ती आता सरकत सरकत आईपर्यंत आली, आणि ती मला थांबवता आली नाही. हिनं डोळा दिला होता, आणि तोही गॅरेजवाल्या काकांसमोर कुणाची मान खाली जाऊ नये म्हणून.

"ऐक," मी म्हटलं. "दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन माझ्या घरी राहून करायचं. थेंब मी घालणार. दादानं बाटलीला हातसुद्धा लावायचा नाही."

"थेंब तोच घालेल."

"आई! एक डोळा गेला तुझा! आणखी काय पुरावा हवाय तुला?"

"मला कुठे हवाय? तुला लागतो तो," ती शांतपणे म्हणाली. "मी नाही म्हटलं तर त्याला कळेल, की मला सगळं ठाऊक आहे. मग तो कुठे जाईल?"

दार वाजलं. दादा आत येऊन पलंगाच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिला, खाली मान घालून. आईनं चाचपडत त्याचा हात शोधला आणि त्याच्याकडे कुशीवर वळली. माझ्या बाजूला आता फक्त तिची पट्टी होती.

"बस रे," ती त्याला म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लंस का?"