साळूचं वाक्य

ड्रायव्हरने घोटभर पाणी तोंडात धरलं, गाल फुगवले आणि समोरच्या बेकरीवाल्याकडे डोळे वटारून पाहिलं. बेकरीवाला आता सरावापुरता सात वर्षांचा पोरगा झाला होता आणि शाळेत दप्तर कसं हरवलं ते मुसमुसत सांगत होता.

"मग मी ना, दप्तर मैदानावर ठेवलं, आणि मग ना, मी ना..."

पण मैदानावर ठेवलंसच का, हा प्रश्न ड्रायव्हरच्या घशातून निघाला, दातांपर्यंत आला आणि पाण्यासकट बेकरीवाल्याच्या शर्टावर जाऊन पडला.

चर्चच्या हॉलमध्ये हशा पिकला.

"आंघोळ करून आलो होतो रे," बेकरीवाला बाही झटकत म्हणाला. "बसथांब्यावर थांबायचा पगार घेतोस तू. इथेच काय धाड भरते?"

पास्टरबाईंनी पुन्हा ग्लास भरून दिला. दर बुधवारी संध्याकाळी मुलांच्या रविवारच्या वर्गातल्या बुटक्या खुर्च्यांवर ही आईबापं पोरांचं ऐकून घ्यायला शिकण्यासाठी गुडघे छातीशी घेऊन बसायची, आणि बाईंचा हा पहिलाच धडा काही केल्या पुढे सरकत नव्हता. मूल बोलत असताना तोंडात पाणी धरायचं. त्याचं बोलून झालं की गिळायचं. मग बोलायचं.

"तोवर बोलण्यासारखं फारसं उरतच नाही," असं त्या म्हणत.

ड्रायव्हर या चर्चचा नव्हता. पहिल्या दिवशी त्याने दारातच विचारलं होतं, "प्रार्थना करावी लागेल का?"

"खुर्च्या उचलाव्या लागतील," बाई म्हणाल्या होत्या.

पाठवलं होतं बायकोने. ती स्वतः का येत नाही म्हटलं, तर म्हणाली, "मी ऐकते तिचं. घाई तुम्हाला असते."

ते खोटं नव्हतं. त्याची लेक साळू बोलताना अडखळायची. "मला प... प..." सुरू झालं की बापाचा जीव कासावीस व्हायचा. लेकीच्या पायात काटा रुतलाय आणि आपण नुसतं बघत राहायचं, हे कुठल्या बापाला जमतं? "पाणी? पेन? पतंग? बरं बरं, आणतो हं!" साळू मान डोलवायची. दुकानात, शाळेत, पाहुण्यांपुढे तिचं प्रत्येक वाक्य तो पुरं करायचा. होता होता सुरूही तोच करू लागला. आणि शाळेचं नवं वर्ष लागल्यापासून साळूने त्याच्याशी बोलणंच सोडलं. विचारलं तर मान हलवायची, हो किंवा नाही. साळुंकीचं नाव दिलेली पोर, आणि घर मुकं. तिचा आवाज पुन्हा कानी पडावा, एवढंच त्याचं मागणं होतं. त्यासाठी तो तोंडात पाणीच काय, मूगही धरायला तयार होता.

शेवटच्या बुधवारी मुलांना बोलावलं होतं. गायकमंडळाच्या उंच खुर्च्या मुलांना, बुटक्या मोठ्यांना. प्रत्येक मुलाने उठून एकच गोष्ट सांगायची, आईबाबांना माहीत नसलेली.

ड्रायव्हरने बाईंना खिडकीपाशी गाठलं. "साळूला तेवढं वगळा, बाई. पोरीचं हसं होईल."

"तिला विचारलंत?"

त्याने विचारलं नव्हतं.

बेकरीवाल्याच्या जुळ्यांनी एका सुरात सांगून टाकलं, "पप्पा, तुमचा केक आम्हाला आवडत नाही." हॉल हसला, बेकरीवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. हसू ओसरलं आणि साळू उठली.

"मला," ती म्हणाली. मग, "ब..."

आणि शब्द अडला. "ब... ब..." हनुवटी थरथरू लागली, मूठ फ्रॉकच्या घडीत रुतली.

बस. बाहुली. बक्षीस. बरं नाही वाटत. ड्रायव्हरच्या जिभेवर शब्दांची रांग लागली. तो खुर्चीतून अर्धा उठला आणि मदतीला कुणी आहे का म्हणून त्याने सगळीकडे पाहिलं.

कुणीच हलत नव्हतं. बेकरीवाला गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. कुणाच्या तोंडावर कीव नव्हती, शाब्बासकीचं उसनं हसू नव्हतं, कुणी नजर चुकवत नव्हतं. कडेवरचं तान्हंसुद्धा साळूकडे टक लावून होतं. उजाडायची वाट बघताना कुणी सूर्याला मागून ढकलत नाही. तशी ती माणसं बसली होती.

गर्दी त्याला नवी नव्हती. दाराशी रेटणारी, घड्याळ दाखवणारी, शिव्या घालणारी गर्दी त्याने जन्मभर वाहून नेली होती. पण एवढ्या माणसांना एकदम कसलीच घाई नाही, असं त्याने कधी पाहिलं नव्हतं. आणि ती थांबली होती त्याच्या लेकीसाठी. तो हळूच खाली बसला.

"बो... बोलायला आवडतं," साळू म्हणाली.

टाळी कुणी वाजवली नाही. तिचं संपलेलं नाही, हे सगळ्यांना कळलं होतं.

"खू... खूप," ती म्हणाली, आणि बसली.

ड्रायव्हरला टाळ्या ऐकू आल्या नाहीत. बोलायला. त्याच्या जिभेवरच्या त्या रांगेत हा शब्द कुठेच नव्हता.

खुर्च्या उचलून झाल्यावर बापलेक घराकडे निघाली. दिवे लागत होते. औषधांच्या दुकानापाशी साळूने त्याचा हात धरला आणि सुरू केलं: शाळेच्या छ... छपरावर एक मांजर राहते, ती शिपाईकाकांना ओ... ओळखते, पण मुख्याध्यापक आले की...

गोष्टीतली मांजर छपराच्या कडेला आली तेव्हा त्यांची इमारत आली. ड्रायव्हरने जिन्याकडे पाहिलं, लेकीच्या ओठांकडे पाहिलं, आणि तो सरळ पुढे चालत राहिला.

"अहो!" वरच्या खिडकीतून बायको ओरडली. "घर मागे राहिलं! कुठे निघालात दोघं?"

त्याने मागे न वळता नुसता तळहात वर केला.

मग ती पायांत चपला सरकवत खाली आली, आणि काही न विचारता चार पावलं मागे राहून त्यांच्याबरोबर चालू लागली.